जावयाची ओव्हर

दार उघडल्यावर पाहुण्याला "या, बसा" म्हणायचं असतं, एवढं मला पन्नाशीपर्यंत नक्की येत होतं. त्या शुक्रवारी दुपारी ते विसरलो. दारात आमच्या ऑफिसातली अकाउंट्सची मुलगी उभी होती आणि तिच्या मागे, दोह्यातल्या बिन महमूदच्या आमच्या फ्लॅटच्या चौकटीत जेमतेम मावेल असा, तिचा नवरा. काळाभोर, सव्वासहा फूट उंच, हातात स्टीलचा डबा. मी त्याच्या खांद्यांकडे बघितलं, मनगटांकडे बघितलं आणि विचारलं, "राइट आर्म की लेफ्ट आर्म?"

तो म्हणाला, "सॉरी?"

"बोलिंग. फास्टच ना?"

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, आधी त्यांना चपला तर काढू द्या." आणि सोफ्यावरून, मोबाइलमधून मान वर न काढता, आमची अकरावीतली कन्या म्हणाली, "बाबा, दॅट्स सो रेसिस्ट." आमच्या घरात मराठी सगळ्यांना समजतं, पण बापाची लाज इंग्रजीतच काढली जाते.

आता मी काय सांगू तिला? सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, जिथे टीव्ही फक्त ग्रामपंचायतीत होता, तिथे मी लहानाचा मोठा झालो. आमच्या कपाटाच्या दाराला आतून देवांचे फोटो नव्हते, वेस्ट इंडीजच्या बोलर्सचे होते. आई कपाट उघडून रोज त्यांना बघायची आणि म्हणायची, "कोण रे ही दांडगी माणसं?" मी शाळेत धावत जाऊन त्यांच्यासारखा बॉल टाकायचो आणि तो मास्तरांच्या खोलीत पडायचा. त्यामुळे जमैका हा शब्द कुठेही निघाला की मी अजून कान टवकारतो. हा माणूस जमैकाचा आहे असं ऑफिसात कळलं होतं. खरं म्हणजे तो जन्मला लंडनमध्ये, वाढला लंडनमध्ये, आणि जमैकाला फक्त एकदा, आजीच्या वर्षश्राद्धासारखं काहीतरी होतं तेव्हा गेला होता. पण हे मी नंतर ऐकलं. आधी मी स्लिप लावून मोकळा झालो होतो.

मुलगी वेंगुर्ल्याची. शिकायला लंडनला गेली, तिथे दोघांचं जमलं, तिथेच लग्न केलं, आणि मग दोघांनाही दोह्यात नोकऱ्या मिळाल्या. ती आमच्या हमद पोर्टजवळच्या शिपिंग ऑफिसात, तो अल दुहैलच्या एका शाळेत भूगोल शिकवायला. लग्नाची बातमी ऑफिसात फुटली तेव्हा एका सहकाऱ्याने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "काळा म्हणजे किती काळा?" चहात दूध किती घालू असं विचारावं, त्याच सुरात.

तर जेवण. कुळथाची पिठी, भात, तळलेला पापलेट, आणि पाहुण्यांनी डब्यातून आणलेलं काहीतरी मसालेदार चिकन, जे खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी त्याला मिठी मारायच्या बेतात आलो. जेवताना मी आमच्या टीमचं सांगितलं. दोह्यात दर हिवाळ्यात पाच-सहा मराठी टीम मिळून शुक्रवारी टेनिस बॉलची स्पर्धा भरवतात. कुठल्या संस्थेची वगैरे नाही, आपापसांतली. आमच्या टीममध्ये पोर्टवरचा क्रेन ऑपरेटर, दोन ड्रायव्हर, एक एसीचा टेक्निशियन आणि वर्षा-दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेली आयटीची पोरं. मी मॅनेजर. म्हणजे पाणी, केळी आणि व्हॉट्सअॅप ग्रुप.

"मी क्रिकेट खेळत नाही," तो इंग्रजीत म्हणाला.

त्याच वेळी बायको त्याला भात वाढत होती आणि तो त्यालाही "नो, थँक यू" म्हणत होता. बायकोने वाढला. आपल्याकडे पाहुणा नको म्हणतो, कारण तो चांगल्या घरचा असतो. आणि आपण वाढतो, कारण आपणही चांगल्या घरचे असतो. मी हाच नियम क्रिकेटला लावला. तो पुन्हा म्हणाला, शाळेत तो पोहायचा, क्रिकेट कधी धड खेळला नाही. मी म्हणालो, विनयशील मुलगा आहे. तो तिसऱ्यांदा म्हणाला, बघायला येईन फार तर. बायकोने पिठी वाढली. तेवढ्या जेवणात तो जितक्या वेळा नाही म्हणाला तितक्या वेळा त्याच्या ताटात काहीतरी पडलं, आणि शेवटी माझ्या टीममध्ये त्याचं नाव. त्याच्या बायकोने त्याच्याकडे बघून खांदे उडवले. तिला आग्रह म्हणजे काय हे माहीत होतं. तो त्यातून सुटत नाही हेही.

पाहुणे लिफ्टपर्यंत पोचले नसतील, तोवर मी ग्रुपवर टाकलं: "वेस्ट इंडीज सापडला." खाली आगीच्या ज्वाळांची रांग लागली. कुणी लिहिलं, कप यंदा आपलाच. कन्या म्हणाली, "बाबा, ही सेड नो." मी म्हटलं, तुला आपल्या संस्कृतीतलं काय कळतं.

पुढच्या शुक्रवारी प्रॅक्टिस. शहराबाहेर वाळू दाबून केलेलं मोकळं मैदान, कडेला गाड्या उभ्या. अख्खी टीम वेळेवर हजर, हे आमच्या इतिहासात पहिल्यांदा. एसीवाल्याने त्याच्यासाठी बॉल स्वतःच्या शर्टाला पुसून दिला. तो लांबून धावत आला. काय धावला ते सांगतो: अगदी कपाटातल्या फोटोसारखा. माझ्या अंगावर काटा आला. त्याने हात फिरवला, बॉल सुटला, आमच्या विकेटकीपरच्या डोक्यावरून गेला, आणि मागे उभ्या असलेल्या एका पांढऱ्या लँड क्रूझरच्या बॉनेटवर ठण्ण वाजला.

दुसरा बॉल त्याच्याच पायाशी पडला. तिसरा आयटीच्या पोराने अंपायरच्या जागेवरून झेलला.

आमचा कॅप्टन म्हणजे तो क्रेन ऑपरेटर. कुडाळकडचा, कंटेनर पाकिटासारखे उचलून ठेवणारा माणूस. तो माझ्याजवळ आला आणि हळू म्हणाला, "दादा, माणूस लय बरो. पण ह्याच्या हातात बॉल देव नकात."

तिकडून तो हसत आला. "मी सांगत होतो ना? आता सुटलो का मी?"

सगळ्यांना हलकं वाटलं. त्याला सगळ्यात जास्त. त्याने स्वतःहून स्कोअर लिहायचं कबूल केलं, केळी खाल्ली, आणि पोरांनी त्याला 'जावईबापू' म्हणायला सुरुवात केली, कारण कोकणच्या पोरीचा नवरा म्हणजे अर्ध्या टीमचा जावई. त्याचं मराठी बायको आणि व्हिडिओ कॉलवरची सासू यांच्याकडून आलेलं, म्हणजे सगळं हुकमाचं. जेव. गप बस. बघ जरा. मेल्या. एवढ्या भांडवलावर तो बिनधास्त बोलायचा आणि पोरं हसून लोळायची.

सगळं इथेच संपलं असतं तर ही गोष्ट मी सांगितलीच नसती. पण मी नावांची यादी आधीच स्पर्धेच्या कमिटीला पाठवली होती, आणि दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष नाशिकचे, एका बँकेत मोठ्या पदावर, बोलणं इतकं गोड की फोन कानाला चिकटावा. "तुमच्या यादीतलं एक नाव चालणार नाही हो. आपली स्पर्धा आपल्या माणसांसाठी आहे. नियम आहे, तुम्हाला माहीत आहेच."

नियम होता खरा. मागे एका टीमने पाकिस्तानचे दोन जबरदस्त बोलर भाड्याने आणले होते, तेव्हापासून. मी मनात म्हटलं, बरं झालं, न मागता सुटका झाली. आणि त्या संध्याकाळी जावईबापू डबा न्यायला आमच्याकडे आले होते, त्यांना घरी सोडायला निघालो असताना मी अगदी आनंदाने ती बातमी दिली. वाटलं, टाळी देईल.

त्याने विचारलं, "का पण?"

"स्पर्धा मराठी माणसांची आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. तसंही तुला खेळायचंच नव्हतं."

अल दुहैलच्या रस्त्यावरचे कंपाउंडांचे दिवे एकामागोमाग जात होते. तो म्हणाला, "परवा पोरं सांगत होती, दुसऱ्या टीमचा ओपनर दिल्लीचा आहे. त्याची बायको पुण्याची."

"हो. जबरदस्त मारतो."

"तो मराठी आहे?"

मी हॉर्न वाजवला. समोर कुणीही नव्हतं.

मग त्याने आजोबांचं सांगितलं. त्याचे आजोबा महायुद्धानंतर जमैकाहून बोटीने इंग्लंडला गेले. इंग्लंडला माणसं हवी होती, बस चालवायला, हॉस्पिटलं चालवायला, रेल्वेला. म्हणून गेले. खोली शोधायला निघाले तर खिडक्यांत पाट्या: काळ्यांना खोली मिळणार नाही. शेवटी एक खाट मिळाली, ती पण दोघांत. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच उबेत झोपायचा. मी म्हटलं, "हे तर आपल्या इथलं बेडस्पेस झालं." आमच्या दोन्ही ड्रायव्हरांनी सुरुवातीला असंच काढलं होतं. तो म्हणाला, हो, तुमच्या पोरांचं ऐकलं तेव्हा मला पण तेच आठवलं.

आजोबा बसच्या डेपोत लागले. डेपोची क्रिकेट टीम होती. सोमवार ते शुक्रवार सगळे गोरे सहकारी त्यांना वेस्ट इंडीजच्या बोलर्सबद्दल विचारायचे, पाठीवर थापा मारायचे, "तू पण फास्टच असशील" म्हणायचे. (इथे मी गाडीचा आरसा उगाच सारखा केला.) एका शनिवारी आजोबा पांढरी पँट इस्त्री करून मैदानावर गेले. सेक्रेटरी बाहेर आला, फार सभ्य माणूस. म्हणाला, माझं स्वतःचं काहीच नाही हो, पण बाकीच्यांना काय वाटेल. आजोबा त्याच डेपोच्या बसमध्ये बसून, पांढऱ्या पँटीत घरी आले. पुढे घराला रंग लावताना ती पँट वापरायचे.

"मोठे बोलर होते का?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझा स्वभाव.

तो हसला. "बाबा सांगतात, अगदी साधारण होते. नंतर पार्कात आपल्याच लोकांबरोबर खेळायचे आणि मार खायचे. पण काका, साधारण आहेत हे कळायला तरी त्यांच्या हातात एकदा बॉल द्यायला हवा होता ना?"

गाडी त्याच्या दारात थांबली. उतरताना म्हणाला, "मला खेळायचंय."

"अरे, पण तुला..."

"येत नाही. माहीत आहे. तरी खेळायचंय."

त्याच्या बायकोने वरून गॅलरीतून हे ऐकलं असावं. पाच मिनिटांनी तिचा फोन आला. "काका, त्याला खेळायचं नव्हतं तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत. आता तो खेळायचं म्हणतोय, हे तरी ऐका. तो शाळेत, दुकानात, टॅक्सीत, कुठे काही झालं तर हसून सोडतो. हे सोडत नाहीये. मी त्याला असं कधी बघितलं नाही."

मला त्या रात्री झोप लागली नाही असं सांगायला छान वाटेल, पण लागली. सकाळी मात्र उठलो तो कमरेला पदर खोचल्यासारखा. बायको म्हणाली, "कुठे लढाईला?"

बिन महमूदमध्ये आमच्या बिल्डिंगखाली एक छोटं हॉटेल आहे, तिथे करक चहा मिळतो, वेलचीचा, घट्ट. कमिटी तिथेच भरते. त्या दिवशी मी, आमचा कॅप्टन, अध्यक्ष आणि बाकीच्या टीमांचे कॅप्टन. शेजारच्या टेबलावर तो दिल्लीवाला जावई पराठे खात बसला होता. त्याच्या कॅप्टनने त्याला गाडीतून आणलं होतं.

मी म्हणालो, "आमचा जावई खेळणार."

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही मला ओळखता. माझं स्वतःचं काहीच नाही हो. पण बाकीच्यांना काय वाटेल, तेही बघावं लागतं."

मी चहाचा कप खाली ठेवला. हे वाक्य मी आदल्याच दिवशी गाडीत ऐकलं होतं, शब्दाला शब्द, फक्त ते बोलणारा लंडनमधल्या एका डेपोचा सेक्रेटरी होता. मी इतका उत्तेजित झालो की पुढचं नीट बोलताच आलं नाही. तयारी केलेलं भाषण पार उडालं. मी नुसता म्हणालो, "अहो, हेच. अगदी हेच."

"काय हेच?"

कॅप्टनने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच सुरुवात केली. "अध्यक्ष, गेल्या वर्षी ह्या दिल्लीच्या जावयाचा तुम्ही टॉवेल-टोपी-नारळ देऊन सत्कार केलात. फोटो आहे माझ्याकडे. तो जावई चालतो, तर आमचा का नाही?"

"तो वेगळा."

"कसा वेगळा?"

"म्हणजे..." अध्यक्षांनी चमचा कपात फिरवला. "तो कसा, दिसायला तरी आपल्यातला वाटतो."

बोलणाऱ्यालाही ते ऐकून घ्यावं लागलं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मी आत्ताही त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. माझ्या मुलीचं ॲडमिशन रखडलं होतं तेव्हा रात्री घरी येऊन मदत केलेला माणूस आहे. पण ते वाक्य तिथे पडलं होतं, आणि आता उचलणार कोण.

उचललं शेजारच्या टेबलाने. दिल्लीवाल्याने पराठ्याचा घास खाली ठेवला. त्याला मराठी बोलता येत नाही, पण सासुरवाडीत चार वर्षं काढल्यामुळे सगळं कळतं. तो हिंदीत म्हणाला, "अंकल, अगर वो बाहर है तो मैं भी बाहर हूँ ना?"

"नाही नाही, तुझा काय संबंध," त्याचा कॅप्टन तिथल्या तिथे घामाघूम झाला. त्याच्या टीमचे अर्धे रन हा एकटा काढायचा.

"संबंध कैसे नहीं? दामाद तो दामाद है. चेहरे का कौन सा नियम है, बता दीजिए, मैं घर जाकर आईने में चेक कर लूँगा."

पाच मिनिटांत नियमाला एक जोड मिळाली: जावई चालेल. प्रस्ताव त्या घामाघूम झालेल्या कॅप्टनने मांडला आणि इतक्या कळकळीने मांडला की कुणाला वाटावं तो लहानपणापासून वंशभेदाविरुद्ध लढतोय. अध्यक्षांनी हात वर केला. चहाचे पैसेही त्यांनीच दिले, ते कधी देत नाहीत.

मी धावत वर गेलो आणि जावईबापूंना फोन लावला. मला वाटलं तो आनंदाने ओरडेल. तो म्हणाला, "ओके. शूज कसले घालायचे?"

पहिलीच मॅच नशिबाने दिल्लीवाल्याच्या टीमशी. मैदान भरलेलं. बातमी सगळ्या टीमांत फिरली होती, त्यामुळे ज्यांची मॅच नव्हती तेही आले होते. बायकांनी चटया टाकल्या होत्या, आमच्या हिने डबाभर बटाटेवडे आणले होते. वेंगुर्ल्याची मुलगी चटईवर न बसता उभीच होती, दोन्ही हात तोंडाशी. मी कडेने अशा येरझारा घालत होतो की जणू मीच जमैकाहून बोटीने उतरलोय.

आणि मग गंमत झाली. आमच्या आयटीच्या एका पोराला ऐनवेळी ऑफिसने बोलावलं, काहीतरी सर्व्हर पडला. एक माणूस कमी. कॅप्टनने सगळीकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे. "दादा, यल्ला, चला." तर मी पण मैदानात. पोट आत घेऊन.

आम्ही पहिली बॅटिंग केली. आठ ओव्हरची मॅच. बरे रन झाले. जावईबापू शेवटी आले, पहिल्याच बॉलला बोल्ड. टाळ्या वाजल्या. त्याला ते आवडलं नाही असं वाटलं. बाद झालेल्या बाकी कुणासाठी टाळ्या वाजल्या नव्हत्या.

मग त्यांची बॅटिंग. दिल्लीवाल्याने फोडायला सुरुवात केली, पण दुसऱ्या बाजूने विकेट पडत गेल्या. शेवटच्या तीन ओव्हर उरल्या तेव्हा मॅच अगदी मधोमध अडकली होती. एक चांगली ओव्हर पडली तर आमची, एक वाईट पडली तर त्यांची. एसीवाल्याचं बोट दुखावलं होतं. कॅप्टन बॉल हातात घेऊन उभा होता. सीमेवरून जावईबापू चालत आला, हात पुढे केला.

कॅप्टनने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. आकाश रिकामं होतं.

"घे," कॅप्टन म्हणाला.

पहिला बॉल वाइड. दुसरा वाइड, इतका की विकेटकीपरला पळून आणावा लागला. तिसराही वाइड. आणि चहूबाजूंनी कसला समंजस आवाज आला म्हणता. "नो प्रॉब्लेम." "वेल ट्राइड." समोरच्या टीमची माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. अध्यक्ष उठून म्हणाले, "गुड एफर्ट." अगदी शाळेच्या गॅदरिंगमध्ये छोट्या मुलाची नक्कल चुकली की वाजतात तशा टाळ्या. त्याचा चेहरा पडत चालला. मला कळेना, चिडायचं कुणावर. सगळे तर चांगलंच वागत होते.

आणि तेवढ्यात आमच्या कॅप्टनचं डोकं सटकलं. तो मिड ऑफवरून तरातरा आला आणि ओरडला, "अरे मेल्या, खंय टाकतस? स्टम्प हय आसत. विमान उतरवतस काय थंय? सांगतंय तुका, सरळ टाक, नायतर वडे खावक मिळूचे नाय."

बायकांच्या चटईवर कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

जावईबापू कॅप्टनकडे बघत राहिला. त्याला सगळं कळलं असेल असं नाही, पण 'मेल्या' कळलं. ते सासू रोज म्हणते. आणि तो हसायला लागला. असा हसला की त्याला वाकून गुडघ्यांवर हात ठेवावे लागले. तिकडे त्याच्या बायकोने तोंडावरचे हात काढले, आणि ती पण हसत होती, डोळे पुसत होती.

मग टाळ्या थांबल्या आणि मॅच सुरू झाली. म्हणजे खरी. समोरच्या टीमची पोरं ओरडायला लागली, "जावईबापू, अजून एक वाइड, अजून एक." आमची पोरं ओरडली, "अरे मास्तर, नकाशा बघून टाक." त्याने लांबचा धावपट्टा सोडून दिला आणि चार पावलांत, फळ्यावर खडूने लिहिल्यासारखे हळू बॉल टाकायला लागला. पहिला सरळ पडला. अख्ख्या मैदानाने श्वास सोडला. दिल्लीवाल्याने त्याला सिक्स मारला. दुसरा सरळ, चौकार. तिसरा, परत सिक्स. दिल्लीवाला मारताना त्याच्यावर काडीची दया करत नव्हता, आणि प्रत्येक सिक्सनंतर दोघे एकमेकांकडे बघून दात काढत होते. पुढचे दोन कसेबसे एकेक रनवर गेले.

शेवटचा बॉल. दिल्लीवाल्याने उंच टोलवला. बॉल वर गेला, अजून वर गेला, आणि मी बघतो तर खाली मी.

मला तेवढ्या वेळात काय काय दिसलं ते सांगत नाही. पेपरात नाव यावं असं काहीतरी दिसलं. मी हात जोडले, डोळे सूर्याकडे, पाय मागे मागे. बॉल माझ्या तळव्यांत आला, ढेरीवर आपटला, आणि वाळूत पडला.

"काका," मैदानाच्या मधून आवाज आला, "बघ जरा. गप बस नाहीतर. मेल्या."

अख्खं मैदान कोसळलं हसून. अध्यक्ष चटईवर मागे पडले. मी पण हसलो, वाळू झाडत, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या ओव्हरमध्ये त्यांनी मॅच काढली. आमची पोरं गाड्यांपाशी बसून वडे खात जावईबापूला धूत होती. "तुझ्या ओव्हरने घालवली." "तुला वाळवंटात बोलिंग दिली हीच चूक." तो उलटून म्हणत होता, कॅच कुणी सोडला ते बोला. हे सगळं हिंदी, इंग्रजी, मालवणी यांच्या खिचडीत. कुणी त्याला 'वेल ट्राइड' म्हणत नव्हतं. अध्यक्ष हात मिळवायला आले, थोडे अवघडले, आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी जरा प्रॅक्टिस करून या." तो म्हणाला, "इन्शाल्ला."

मग त्याने लंडनला वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सगळ्यांकडे फिरवला. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा, जाड चष्म्याचा म्हातारा. त्याने एकच विचारलं, "किती दिलेस?"

"एका ओव्हरमध्ये एकवीस. विकेट नाही. एक कॅच सुटला."

म्हातारा इतका हसला की फोन हलायला लागला. "तुझ्या आजोबांनी तीस दिले असते," तो म्हणाला. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि विचारलं, "परत खेळवणार का ते तुला?"

आमचा कॅप्टन वडा तोंडात असतानाच फोनपुढे वाकला आणि त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सर, नेक्स्ट इयर ऑल्सो. बट फिल्डिंग ओन्ली."

घरी येताना मी गाडीत अखंड बोलत होतो. म्हटलं, बघितलंस का, शिव्या खाणारा माणूस आपला झाला. म्हटलं, पुढच्या वर्षी त्याला नक्की घेणार, कुणी काही म्हणो. बायको रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"त्याला घ्याच," ती म्हणाली. "तुम्हाला कशाला घेतात, तेवढं विचारून ठेवा."